आधी मोजा, मग खोला

कूलर, एसी व गिझर दुरुस्त करणाऱ्या कारागीर बंधूंसाठी आणि ही यंत्रे वापरणाऱ्या दुकानदारांसाठी काही कामाच्या गोष्टी

भंडारा जिल्ह्यात होळी आटोपली की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि नवतपा सुरू झाला की कूलर-एसीच्या मिस्त्रीला दोन घास खायलाही फुरसत मिळत नाही. पुढे मृगाच्या चार सरी पडल्या की हीच गर्दी एकदम ओसरते. वर्षाच्या रोजीचा मोठा वाटा या तीन-साडेतीन महिन्यांत कमवायचा असतो. म्हणून घाई होते, आणि घाईत न मोजता काम करण्याची सवय जडते. कूलर गार हवा देत नाही, पंप बदला. पंखा फिरत नाही, मोटर बदला. एसी थंड करत नाही, गॅस भरा. गिऱ्हाईक पैसे देते, पण मूळ दोष तसाच राहतो. आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे राहते आणि त्यानंतर ते दुसऱ्या मिस्त्रीकडे जाते.

या धंद्यात आमचे तीसहून अधिक उन्हाळे गेले. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी, मोहाडी आणि लाखांदूर या सातही तालुक्यांत काम करताना जे हाती लागले त्याचे सार चार शब्दांत सांगता येते : आधी मोजा, मग खोला. मोजून काम करणाऱ्याचा धंदा टिकतो, गिऱ्हाइकाचा पैसा वाचतो आणि कित्येकदा माणसाचा जीवही वाचतो.

हत्यारे कोणती घ्यावीत

नव्या मुलाजवळ पान्हे आणि पेचकस असतात, पण मोजण्याची साधने नसतात. हातात चार पैसे आले की पुढील क्रमाने खरेदी करावी. पहिला मल्टिमीटर, ज्यात कपॅसिटर मोजण्याची सोय आहे असा. दुसरा क्लॅम्प मीटर, ज्याने वायर न कापता अँपिअर मोजता येतात. तिसरे दोन साधे थर्मामीटर. मग गॅसचा दाब पाहण्याचे गेज, गॅस वजनाने भरण्यासाठी वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप. शेवटची तीन साधने महाग वाटतात. एकट्याला झेपत नसतील तर दोघा-तिघांनी मिळून घ्यावीत, परंतु त्यांच्याशिवाय एसीच्या गॅसच्या कामाला हात लावू नये.

कूलर गार का करत नाही

आपल्या भागात आजही घरोघरी कूलरच चालतो आणि मिस्त्रीचे शिक्षण कूलरपासूनच सुरू होते. कूलर यंत्राने थंडी तयार करत नाही. ताटीतले पाणी हवेत उडते आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी उडाले की सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता खोलीत येणाऱ्या हवेतून निघून जाते. म्हणजे ताशी पाच-सव्वापाच लिटर पाणी उडवणारा कूलर एक टनाच्या एसीइतके काम करतो, आणि तेही थोड्या विजेत. मात्र त्यासाठी हवा कोरडी असावी लागते.

हवा किती कोरडी आहे हे मोजण्याची रीत सोपी आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओले सुती फडके गुंडाळावे आणि त्यावर पंख्याची हवा सोडावी. पारा उतरत जाईल आणि एका जागी थांबेल. कूलरची हवा त्या आकड्याच्या खाली कधीच जाऊ शकत नाही. मे महिन्यात बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओला थर्मामीटर साधारण २३ अंश दाखवतो. ताट्या नीट भिजलेल्या असतील तर कूलरमधून २७-२८ अंशांची हवा मिळते. उलट जुलैत बाहेर ३३ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असते, धानाच्या बांध्यांत पाणी उभे असते, तेव्हा ओला थर्मामीटरच ३० अंश दाखवतो. अशा वेळी गिऱ्हाइकाने कितीही तक्रार केली तरी पंप किंवा ताट्या बदलून काही होत नाही. त्याला ओला थर्मामीटर दाखवावा आणि पाणी बंद करून नुसता पंखा चालवायला सांगावे. एक पैसाही न घेता सांगितलेली ही गोष्ट गिऱ्हाईक दहा जणांना सांगते.

मेमध्ये कूलर गार करत नसेल तर मात्र दोष शोधावा लागतो. बाहेरचे तापमान, ओल्या थर्मामीटरचे तापमान आणि कूलरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेचे तापमान असे तीन आकडे घ्यावेत. वरच्या उदाहरणात तोंडाशी २७-२८ ऐवजी ३४-३५ येत असतील तर ताटी कुठेतरी कोरडी आहे. वरच्या पन्हाळीची छिद्रे क्षाराने बुजली असतील, गवत दबून खाली सरकले असेल आणि त्या फटीतून गरम हवा थेट आत येत असेल. पंप शेवटी पाहावा.

तोंडाशी आकडा बरोबर असूनही खोली गार होत नसेल तर दोष कूलरमध्ये नाही, खोलीत आहे. कूलर जितकी हवा आत टाकतो तितकी बाहेर जायला वाट हवी. पुष्कळ लोक एसीप्रमाणे सर्व दारे-खिडक्या लावून कूलर चालवतात. मग खोलीत दमट हवा कोंडते आणि अंग चिकचिकते. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवायला सांगावे. कूलरची पाठही खिडकीबाहेरच्या कोरड्या हवेत असावी. खोलीत ठेवलेला कूलर खोलीतलीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो.

पाण्याचेही तसेच. बोअरचे पाणी जड असते. पाणी उडून जाते, पण क्षार टाकीतच राहतात आणि ताट्यांवर पांढरा थर धरतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करायला सांगावे. यात दुसराही फायदा आहे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याला टाकी कोरडी झाली तर ही साखळी तुटते.

अर्थिंगमध्ये कसूर नको

कूलर म्हणजे लोखंडी पत्र्याचा डबा. त्यात पाणी, त्या पाण्यात विजेचा पंप, आणि समोर ओल्या हाताने बादली ओतणारी बाई किंवा उघड्या पायांनी खेळणारे मूल. पंपाचे इन्सुलेशन फाटले की सारा डबा जिवंत होतो. म्हणून कूलर दुरुस्तीचे प्रत्येक काम तीन पिनच्या प्लगवरच संपले पाहिजे. दोन पिन लावून दिलेला पत्र्याचा कूलर हे अर्धे राहिलेले काम आहे.

‘एमसीबी लावली आहे, मग भीती कशाची?’ असे गिऱ्हाईक विचारते. येथे हिशेब मांडून दाखवावा. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. १६ अँपिअरची एमसीबी त्याहून जास्त करंट गेल्यावरच पडते. माणसाचा जीव घ्यायला मात्र एक दशांश अँपिअरही पुरतो. उन्हाळ्यात जमीन सुकते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. तो ५० ओहम झाला असे धरले, तर २३० व्होल्टला जमिनीत साडेचार-पाच अँपिअरच जातील. एमसीबी पडणार नाही, कूलरचा पत्रा तसाच जिवंत राहील आणि घरच्यांना पत्ताही लागणार नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. बाजारात जुन्या सवयीने तिला ईएलसीबी म्हणतात. तिच्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायला सांगावे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावे. प्लगची अर्थ-पिन न्यूट्रलला जोडून ‘अर्थिंग करून दिले’ म्हणणारे लोक धंद्यात आहेत. न्यूट्रल कुठे तुटली तर त्याच क्षणी यंत्राच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. कितीही घाई असली तरी हे काम करू नये आणि कोणी केलेले दिसले तर घरमालकाला तिथेच सांगावे.

आपल्या जिल्ह्याला विजेच्या उपकरणांतला दोष काय करू शकतो हे वेगळे सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळे दगावली. सात बाळांना वाचवता आले. चौकशीत विजेच्या बिघाडाकडे बोट दाखवले गेले. तो प्रसंग आठवला की प्रत्येक कारागिराने आपल्या हाताखालच्या कामाकडे पुन्हा एकदा पाहावे. जिथे उष्णता किंवा गारवा देणारी उपकरणे रात्रंदिवस चालतात, मग तो दवाखाना असो, शाळेचे वसतिगृह असो की मशीद, तिथे सैल जोड आणि बारीक वायर ही आगीची सुरुवात असते. दीड टनाच्या एसीला बोर्डापासून वेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवी. काम झाल्यावर अर्धा तास यंत्र चालवून प्लग आणि एमसीबीला बाहेरून हात लावून पाहावा. गरम लागत असेल तर आत जोड सैल आहे.

व्होल्टेजही यंत्र चालू असताना मोजावे. बंद असताना प्लगमध्ये २३० व्होल्ट दिसतात आणि कॉम्प्रेसर सुरू होताच ते १९० वर येतात, असे खेड्यांत नेहमी आढळते. त्याच वेळी मीटरपाशीही मोजावे. मीटरपाशी २२५ आणि प्लगमध्ये १९० असतील तर घरातली वायर बारीक किंवा जोड कच्चा आहे, तिथे स्टॅबिलायझर विकणे म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणे होय. मीटरपाशीच १९० असतील तर मात्र स्टॅबिलायझरची गरज खरी आहे.

टन म्हणजे वजन नव्हे

एसी घेताना ‘किती टनाचा?’ हा पहिला प्रश्न असतो. हा शब्द बर्फाच्या काळातला आहे. सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता घेतो, तितकी उष्णता त्याच वेळात बाहेर काढणे म्हणजे एक टन. आजच्या मापात ते साडेतीन किलोवॅट होतात.

शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन हा ठोकताळा मधल्या मजल्यावरच्या सावलीतल्या खोलीसाठी ठीक आहे. वर उघडा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत असेल तर तो चालत नाही. दुसरे असे की, एसीच्या अंगावर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून काढलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असते, तेव्हा तेच यंत्र कमी गारवा देते आणि जास्त वीज खाते. म्हणून मोठा एसी विकण्याआधी गिऱ्हाइकाला गच्चीवर चुना किंवा पांढरा रंग मारायला, खिडकीवर बाहेरून ताटी किंवा छज्जा लावायला सांगावे. आत येणारी उष्णता अडवणे हे आत आलेली उष्णता विजेने बाहेर काढण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

बाहेरचे युनिट कुठे बसवले यावर अर्धे काम अवलंबून असते. उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत चांगली. चारी बाजूंनी बंद डक्टमध्ये युनिट बसवले तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते. बाजारपेठेत दोन दुकानांची युनिटे समोरासमोर एकमेकांवर गरम हवा फेकताना दिसतात. दोन्ही दुकानदार ‘गॅस कमी झाला’ म्हणून मिस्त्री बोलावतात!

गॅस खर्च होत नसतो

या धंद्यातला सर्वांत मोठा गैरसमज गॅसचा आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. गळती नसेल तर पंधरा वर्षांनीही तितकाच राहतो. म्हणून ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ हे वाक्य चुकीचे आहे. दरवर्षी भरावा लागत असेल तर दरवर्षी गळत आहे.

तुमसरकडच्या एका कापड दुकानात असाच प्रकार पाहिला. तीन उन्हाळे ओळीने गॅस भरला गेला होता. सोबतच्या पोराने गेज काढले आणि म्हणाला, ‘चाचा, गॅसच भरावा लागेल.’ त्याला म्हटले, ‘बेटा, आधी आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान घे, मग जाळी पाहा.’ जाळी कापडाच्या तुसाने पार बुजलेली होती. ती धुतली, आतली कॉइल साफ केली, तेव्हा फरक ५ अंशांवरून ९ अंशांवर आला. मग फ्लेअर नटजवळ तेलाचा डाग दिसला. साबणाच्या पाण्याने तिथे बारीक बुडबुडे आले. नळीचे फ्लेअर नव्याने केले, व्हॅक्यूम केला आणि वजन करून गॅस भरला. दुकानदाराचा तीन वर्षांचा खर्च एका नटाच्या जागी अडकला होता.

या कामाचा क्रम ठरलेला असावा. प्रथम जाळी, कॉइल आणि पंखा. पंधरा मिनिटे एसी चालवून आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतला फरक. तो साधारण ८ ते १२ अंश असेल तर गॅसला हात लावू नये. पावसाळी दमट दिवसांत हा फरक थोडा कमी दिसतो, हेही ध्यानात ठेवावे. मग अँपिअर. मग कपॅसिटर, ज्याला आपल्याकडे कंडेन्सर म्हणतात. त्याला हात लावण्यापूर्वी तो डिस्चार्ज करावा. त्याच्या अंगावर छापलेल्या मर्यादेपेक्षा आकडा घसरला असेल तर तोच बदलावा, चांगला कॉम्प्रेसर बदलायला लावू नये. एवढे झाल्यावरच गेज लावावे.

इन्व्हर्टर एसीत तर नुसत्या गेजवरून काहीच कळत नाही, कारण कॉम्प्रेसरचा वेग सारखा बदलत असतो. तिथे अंगावर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरणे हाच खरा मार्ग आहे. त्याच्या पीसीबीवर वीज बंद केल्यावरही तीनशेहून अधिक व्होल्ट काही मिनिटे टिकून राहतात. थांबून, मोजून मगच हात घालावा.

जोडकामाचा धडा आपल्या शहराजवळच आहे. भंडाऱ्याची पितळी भांडी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहेत. कल्हई करणारा उस्ताद सांगेल की मळ निघाल्याशिवाय धातू धातूला धरत नाही आणि आच एकसारखी हवी. तांब्याच्या नळीचेही तेच. तांब्याला तांबे जोडताना फॉस्फरसची सळई फ्लक्सशिवाय चालते. तांब्याला पितळ जोडताना फ्लक्स हवा. तांब्याला लोखंड जोडताना चांदीची सळई आणि फ्लक्स दोन्ही हवेत. ज्वाला नळीवर धरावी, सळईवर नव्हे. नळी तापली की सळई आपोआप आत ओढली जाते.

नवे गॅस, नवी खबरदारी

जुन्या फ्रिजमधला आर-१२ गॅस गेला, कारण त्याने आकाशातला ओझोनचा थर विरळ होत होता. त्यासाठी १९८७ साली माँट्रियलचा करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला आणि २०१० पासून त्या जातीचे गॅस आपल्याकडे बंद झाले. नंतर आर-२२ ची पाळी आली. १ जानेवारी २०२५ पासून नवी यंत्रे बनवताना तो वापरायचा नाही असे ठरले. जुनी यंत्रे अजून चालू आहेत, पण हा गॅस पुढे कमी होत जाणार. ज्याला पुढची वीस वर्षे या धंद्यात काढायची आहेत त्याने आर-३२ आणि आर-२९० शिकलेच पाहिजे.

आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो, जुने गेज आणि पाइप त्याला चालत नाहीत. तो मिश्रण असल्यामुळे सिलिंडरमधून द्रवरूपातच भरावा लागतो. आर-३२ पेट घेऊ शकतो, आर-२९० तर स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ आहे. म्हणून नळीत गॅस असताना टॉर्च लावू नये, बंद खोलीत काम करू नये, बिडी-सिगारेट दूर ठेवावी. दाबाची चाचणी फक्त नायट्रोजनने घ्यावी. ऑक्सिजनने कधीही नाही, कारण कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो. युनिट काढताना गॅस आत ओढून घेतो तेव्हा नट सैल असतील तर हवा आत जाते, आणि हवा, तेल व गॅस एकत्र दाबले गेले की कॉम्प्रेसर फुटतो. जुन्या फ्रिजमध्ये घरगुती सिलिंडरचा गॅस भरून देणे हा तर शुद्ध धोका आहे. त्या फ्रिजचे आतले स्विच अशा गॅससाठी बनलेले नसतात.

उंच भिंतीवर युनिट चढवताना कमरेला पट्टा आणि खाली दुसरा माणूस, याशिवाय चढू नये. शे-दोनशे रुपयांच्या मजुरीसाठी जीव धोक्यात घालण्यात शहाणपण नाही.

दुकानदार बंधूंसाठी

औषधांचे दुकान, किराणा, मिठाई, आइस्क्रीम, मटण-मासळी या सर्व धंद्यांत यंत्र बंद पडले की माल जातो. त्यासाठी चार गोष्टी पाळाव्यात. फ्रिज किंवा डीप फ्रीजर भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा आणि मागची जाळी दोन महिन्यांनी ब्रशने झाडावी. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहावा, सहज निघाला तर रबर बदलावे. आत एक थर्मामीटर कायम ठेवावा. इन्सुलिन व लसींना २ ते ८ अंश, आइस्क्रीमला उणे १८ अंश लागतात, हे अंदाजाने कळत नाही. वीज जाऊन लगेच आली तर तीन मिनिटे थांबूनच कॉम्प्रेसर सुरू करावा, नाहीतर तो आतल्या दाबाविरुद्ध जोर लावून जळतो.

नवा एसी घेताना ताऱ्यांच्या लेबलावरचा वर्षाचा युनिटांचा आकडा वाचावा. तो १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. तुमचे दुकान उन्हाळ्यात दहा तास चालत असेल तर तुमचा हिशेब वेगळा होईल आणि जास्त ताऱ्यांचे यंत्र लवकर परवडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, पक्के बिल घेताना तो तपासून घ्यावा. आणि १८ अंशांवर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. २४-२५ वर ठेवून वर पंखा चालवावा.

लग्नसराईत मंडपवाल्यांनी भाड्याने दिलेल्या कूलरची वायर गवतात, पाण्यात, लोकांच्या पायाखाली पडलेली असते. जोड नसलेली अखंड वायर आणि जागेवरच आरसीसीबीचा एक डबा, एवढे त्यांनी केले तर पाहुण्यांचा जीव निर्धास्त राहील.

हिवाळ्यातली रोजी

उन्हाळ्यानंतर काम नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा चांगलाच उतरतो. पहाटेच्या वजूसाठी मशिदीत, तसेच घरे, लॉज आणि दवाखान्यांत गिझर चालतात. जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर क्षार बसतो, पाणी उशिरा तापते आणि बिल वाढते. दिवाळीआधी टाकी साफ करणे, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणे आणि अर्थिंग पाहणे अशी वर्षाची बांधणी गिऱ्हाइकाशी करून ठेवता येते. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याचे तोंड बंद करणे म्हणजे टाकीचा बॉम्ब करणे होय.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि आत आंघोळ करणारा माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध होतो. गिऱ्हाईक हट्ट धरत असेल तर काम सोडून द्यावे.

पावती, उधारी आणि शागीर्द

मोजलेले आकडे पावतीवर लिहावेत : व्होल्ट, अँपिअर, हवेतला फरक, भरलेल्या गॅसचे वजन. पुढच्या वर्षी तेच यंत्र आले की जुने आकडे समोर ठेवून अर्ध्या वेळात दोष सापडतो. बदललेला जुना भाग न मागता गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. या एका सवयीने जितका भरवसा कमावता येतो तितका जाहिरातीने येत नाही. नागपूरच्या बाजारातून आणलेल्या सुट्या मालाचे बिल जपून ठेवावे. उधारी ठेवायची तर तारीख लिहून ठेवावी, कारण पाऊस पडला की उन्हाळ्यातली उधारी थंड होते.

उद्यम नोंदणी विनामूल्य होते. वरठी, जवाहरनगर, गडेगाव या बाजूच्या कारखान्यांत आणि सरकारी कार्यालयांत वर्षाचे देखभालीचे काम मिळवायचे असेल तर अशी कागदपत्रे व पक्के बिल लागते. मुलगा दहावी झाला असेल तर त्याला नुसता हाताखाली न ठेवता औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करू द्यावा. सुट्यांत त्याने आपल्यासोबत काम करावे. केंद्र सरकारने २०१९ च्या राष्ट्रीय शीतलीकरण आराखड्यात एक लाख सेवा-कारागिरांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्य ठेवले होते. प्रमाणपत्र मागणारे गिऱ्हाईक यापुढे वाढतच जाणार, आणि उस्तादाचा हात व शाळेची विद्या दोन्ही ज्याच्याजवळ असेल त्याला काम शोधावे लागणार नाही.

शेवटी एक सूचना. फेब्रुवारी महिन्यातच नेहमीच्या गिऱ्हाइकांची यादी काढून त्यांच्या घरी जावे. तेव्हा मिस्त्रीला फुरसत असते आणि भावही वाजवी राहतो. कूलरची वायर, प्लग, अर्थिंग आणि पंप तपासून द्यावा. मे महिन्यातल्या धावपळीत जे मोजायचे राहून जाते ते फेब्रुवारीत मोजून होते.